‘आई, यंदा आरतीचं ताट माझ्या हातात देऊ नकोस’

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, पुण्यात नोकरीला आहे. गाव जुन्नर तालुक्यात, आम्ही माळी. गावी आई, बाबा, ८४ वर्षांची आजी आणि धाकटी बहीण. मी एकुलता एक मुलगा. तीन वर्षं वाचन करून, विहारात जाऊन, गेल्या अशोक विजयादशमीला बावीस प्रतिज्ञांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरी कुणालाच माहीत नाही. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. पुण्यात खोली घेतली तेव्हा आईने दिलेला खंडोबाचा टाक (देव्हाऱ्यातली धातूची छोटी प्रतिमा) मी कपाटात कपड्यांखाली ठेवला आहे. गौरी-गणपतीत आरतीचं ताट दरवर्षी माझ्या हातात असतं. बहिणीसाठी स्थळं बघणं सुरू आहे. घरी कसं सांगू? की तिचं लग्न होईपर्यंत गप्प बसू?

उत्तर : गप्प बसू नका. बहिणीचं लग्न हे थांबायचं कारण वाटतं, पण खरं तर ते लवकर सांगायचं कारण आहे. याद्या झाल्यावर, साखरपुडा झाल्यावर ही बातमी भावकीतल्या कुणाच्या फोनवरून आई-बाबांपर्यंत पोचली, तर त्यांना एकाच वेळी तीन गोष्टी सोसाव्या लागतील : मुलाचा धर्म, मुलाची लपवाछपवी आणि व्याह्यांना काय सांगायचं हा पेच. यातल्या पहिल्या गोष्टीची कधी ना कधी सवय होते. दुसरी विसरली जात नाही.

मराठी माणसाला याचं सर्वात जवळचं उदाहरण टिळक दांपत्याचं आहे. कवी ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. त्यानंतर दोघं काही वर्षं वेगळी राहिली. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण मधल्या वर्षांचं दुःख त्यामुळे पुसलं गेलं नाही. घरच्या माणसाला वगळून घेतलेला निर्णय कितीही प्रामाणिक असला तरी घरात तो आधी वगळलं जाणं म्हणूनच पोचतो. तुमची दीक्षा होऊन गेली आहे, ती आधी सांगायची वेळ निघून गेली. निदान बातमी तुमच्याच तोंडून जाईल एवढं अजून तुमच्या हातात आहे.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही तीन वर्षं बुद्ध वाचलात, म्हणून तुमची तयारी दुःख, अनित्य, प्रतीत्यसमुत्पाद असं तत्त्वज्ञान समजावून सांगण्याची असेल. घरी त्यातलं काहीही कुणी विचारणार नाही. आई विचारेल, ‘आमच्या मागे पिंड कोण देणार?’ बाबा विचारतील, ‘भावकीला काय सांगू?’ आजी विचारेल, ‘तळी कोण उचलणार?’ या घरात, या कुळाचारात तुमची जागा यापुढे कुठे असणार, एवढंच त्यांना कळायला हवं असतं. गावी जाण्याआधी याची उत्तरं तुमच्याकडे असली पाहिजेत, तीसुद्धा नेमकी. ‘बघू’, ‘मॅनेज करू’ असल्या उत्तरांनी भीती वाढते, कारण समोरच्याला वाटतं की यानं सगळंच सोडलं.

म्हणून एक वही घ्या आणि वर्षभराचे सण, कुळाचार आणि घरातली कार्यं एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर लिहा : करणार, करणार नाही, की नुसता हजर राहणार. बावीस प्रतिज्ञांपैकी इथे थेट लागू पडणाऱ्या तीन आहेत. तिसरी गौरी-गणपतीची उपासना न करण्याची, सहावी श्राद्ध-पिंडदान न करण्याची, आठवी ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करवून न घेण्याची. या प्रतिज्ञा तुम्ही समजून घेतल्या आहेत, त्यामुळे त्यांतून पळवाट काढायला आम्ही सांगणार नाही. पण उपासना न करणं वेगळं आणि घरातलं काम न करणं वेगळं. लोक नेमकी इथेच गल्लत करतात.

गौरी-गणपती घ्या. आरती म्हणणार नाही, ताट धरणार नाही, प्राणप्रतिष्ठेला बसणार नाही, हे ठरलं. पण मखर बांधायला, बाजारातून फुलं आणि केळीचे खांब आणायला, गौरीच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या आईबरोबर निवडायला बसायला कोणतीही प्रतिज्ञा आड येत नाही. आरतीच्या वेळी खोलीत दार लावून बसू नका. ते सगळ्या घराला ऐकू येतं. अंगणात थांबा, आलेल्यांच्या चपला-पाण्याचं बघा. प्रसादाबद्दल विहाराविहारांत मतं वेगळी आहेत. आमचं मत असं की आईच्या हातची पुरणपोळी खाणं म्हणजे पूजा नव्हे. तुमच्या मनाला ते पटत नसेल तर नैवेद्य दाखवण्याआधी तुमचं पान वेगळं वाढून ठेवायला सांगा, पण ते आदल्या दिवशी सांगा, पंगतीत नव्हे.

तळीचं, म्हणजे खंडोबाच्या नावाने ताट उचलण्याचं, गणित जास्त बारीक आहे. ताट उचलायला पुरुष मोजून घेतात, बहुतेक घरी पाच. चंपाषष्ठीला ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत हात लावायची वेळ आली आणि तुम्ही मागे सरलात, तर एक हात कमी पडतो आणि त्या क्षणी सगळं घर तुमच्याकडे बघतं. तेच कार्तिक संपण्याआधी चुलत्याच्या मुलाला बोलावून ठेवलंत तर तळी बिनबोभाट उचलली जाते. नकार तोच असतो, अपमान मात्र टळतो. जेजुरीला न्यायला आई-बाबांना गाडी लागणार असेल तर गाडी तुम्ही चालवा. पायऱ्या चढताना बाबांना आधार द्या. भंडारा उधळायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

बहिणीच्या लग्नात दोन ठिकाणी भाऊ लागतो. कानपिळी ही निव्वळ मौज आणि मान आहे, ती तुम्ही जरूर करा. लाजाहोमात मात्र बहिणीच्या ओंजळीत लाह्या भावाने घालायच्या असतात आणि तो होमाचा भाग आहे. तिथे तुम्ही उभे राहणार की मावसभाऊ, हे बहिणीला विचारून ठरवा. मुहूर्ताच्या गडबडीत गुरुजींसमोर ठरवू नका.

आणि अंत्यविधी. पहिल्याच बैठकीत हा विषय तुम्ही काढू नका, पण आई काढणारच, बहुधा पदर डोळ्याला लावून. तेव्हा अडखळू नका. महाराष्ट्रातल्या बौद्धांतही दहनाचीच रीत सर्रास आहे, त्यामुळे खांदा देणं, अग्नी देणं यात तुमची अडचण नाही. ते ठामपणे सांगा : ‘खांदा मी देईन, अग्नी मी देईन. दहाव्याचा पिंड मी ठेवणार नाही, पण तो ठेवला जाईल. कोण ठेवणार ते तुम्हीच ठरवा, मी घाटावर हजर असेन आणि खर्च माझा.’ पिंड चुलतभाऊ ठेवू शकतो, हल्ली बऱ्याच ठिकाणी मुलीही ठेवतात. पितृपक्षातही तेच. तुमचा विश्वास नसला तरी आईचा आहे, आणि तिचं पान वाढायला तुम्ही तिला अडवत नाही, हे तिला ऐकायला मिळालं पाहिजे.

ही वही गावी न्यायची नाही. ती तुमच्या डोक्यात स्वच्छ राहावी म्हणून आहे.

सांगायची वेळ : गौरी-गणपतीच्या निदान महिनाभर आधी, म्हणजे आषाढी एकादशी झाल्यावर आणि श्रावणातले उपास-तापास सुरू होण्याआधी. सणाच्या तोंडावर सांगितलंत तर ‘मुद्दाम सणात विरजण घातलं’ हा ठपका कायमचा बसतो. फोनवर सांगू नका. लग्नघरी, दवाखान्यात किंवा बाबा बाजारात माल घालून थकून आले असतील तेव्हा नको. दोन रात्री मुक्काम करता येईल अशी सुट्टी काढा. ही दोन रात्रींची अट आम्ही आग्रहाने घालतो आहोत. पहिल्या रात्री कुणी नीट झोपत नाही, आणि खरे प्रश्न दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी येतात. संध्याकाळी सांगून पहाटेच्या एसटीने परतणाऱ्या मुलामागे घरात नुसते तर्क उरतात.

पुष्कळ जण सुचवतील, आधी आईला एकटीला सांगा, ती बाबांना समजावेल. आम्हाला ते चुकीचं वाटतं. तसं केलंत तर तुमचं ओझं आईच्या डोक्यावर जातं. बाबा तिलाच विचारतात, ‘तुला माहीत होतं?’ आणि ती दोन्हीकडून कापली जाते. दोघांना एकत्र सांगा. बहिणीला मात्र आठवडाभर आधी सांगून ठेवा, कारण याचा भार तिच्या लग्नावर पडणार आहे. तिला वकिली करायला लावू नका. ती त्या खोलीत बसली तरी पुरे.

बोलणं पाच मिनिटांच्या वर जाऊ नये. साधारण असं :

‘आई, बाबा, एक गोष्ट तुम्हाला मीच सांगायला हवी होती, उशीर झाला, त्याबद्दल माफी मागतो. गेल्या दसऱ्याला मी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आहे. कुणाच्या सांगण्यावरून नाही, तीन वर्षं विचार करून घेतली आहे. यामुळे मी पूजा-आरती करणार नाही, पण मी या घराचा मुलगा आहे, तुमचं म्हातारपण, ताईचं लग्न, शेताचं काम यातलं काहीही सोडणार नाही. तुम्हाला राग आला असेल तर बोला, मी परवापर्यंत इथेच आहे.’

‘ताई’च्या जागी घरात बहिणीला जी हाक मारता ती घाला. माफी उशिराबद्दल मागायची आहे, दीक्षेबद्दल नव्हे. ही दोन वेगळी ठेवा, नाहीतर बाबा म्हणतील, ‘चूक कळली ना, मग सोड.’ ‘विपश्यना करतो’ असं सौम्य नाव देऊन सुरुवात करू नका. इगतपुरीचं दहा दिवसांचं शिबिर करायला धर्म बदलावा लागत नाही हे आता गावोगाव ठाऊक आहे, आणि वर्षभराने खरं कळलं की पुन्हा फसवल्यासारखं होतं.

एवढं बोलून थांबा. मग जी शांतता पडेल ती भरून काढायची घाई करू नका. बिघडतं ते इथेच. घाबरून माणूस बोलत सुटतो, बोलता बोलता कर्मकांड, अंधश्रद्धा, ‘तुम्हाला कळत नाही’ इथपर्यंत जातो, आणि ज्या देवासमोर आईने तुमच्या आजारपणात नवस बोलला होता तो देवच तुम्ही खोटा ठरवता. तुम्ही काय सोडलं याची कारणं त्या दिवशी सांगू नका. काय धरलं ते विचारलं तर पंचशील सांगा : हिंसा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही, दारू नाही. आई बहुतेक म्हणेल, ‘हे तर आम्हीही मानतो.’ तिला तिथेच राहू द्या, पुढे वाद वाढवू नका. बावीस प्रतिज्ञांचा कागद पहिल्या दिवशी वाचून दाखवू नका, पण कुणी नेमकं विचारलं, ‘गणपती मानत नाहीस का?’ तर ‘उपासना करत नाही’ असं सरळ सांगा.

मग आरोप येतील. ‘तुला कुणी पैसे दिले?’ ‘कुणी नादी लावलं?’ ‘कुठली मुलगी आहे का?’ चिडू नका. मुलाने आपल्याला सोडलं हे मानण्यापेक्षा त्याला कुणीतरी पळवलं हे मानणं त्यांना सोपं जातं. तिन्हींना एकेका शब्दात ‘नाही’ म्हणा. विहारातल्या मित्राला बरोबर नेऊ नका, तो आला की पळवणारा तोच ठरतो.

आणि एक वाक्य येण्याची दाट शक्यता आहे : ‘त्यांच्यात कशाला गेलास?’ ‘त्यांच्यात’ म्हणजे कोण, हे तुम्हालाही कळतं आणि आम्हालाही. तुमच्या घरातला विरोध देवासाठी कमी आणि या शब्दासाठी जास्त असू शकतो. इथे गप्प राहू नये असं आमचं मत आहे, कारण हे वाक्य गिळलंत तर दीक्षेचा गाभाच गिळला. आवाज न चढवता म्हणा, ‘बाबा, मी कुणाच्या जातीत गेलो नाही. जात मोजायची सोडली.’ बहुतेक माळी घरांत जोतिबा फुल्यांची तसबीर असते, तुमच्याकडेही असेल. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, त्यातून पुरोहिताविना लग्नं लागू लागली, आणि डॉ. आंबेडकरांनी बुद्ध, कबीर आणि फुले या तिघांना आपले गुरू मानलं, हे बाबांना कदाचित माहीतही असेल. हा धागा खरा आहे. पण तो पहिल्या दिवशी ओढू नका. तसबिरीकडे बोट दाखवून ‘मग हे कशाला लावलंय?’ असं विचारलंत, तर बाबांचा बाबांच्याच घरात पराभव होतो, आणि हरलेला बाप ऐकत नाही. दोन-तीन महिन्यांनी, ते स्वतः विषय काढतील तेव्हा बोला.

बाबांच्या मनात एक भीती कायद्याची असेल, ती ते कदाचित बोलून दाखवणार नाहीत. तुम्हीच दूर करा. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहेत. म्हणजे सातबाऱ्यावरचा तुमचा हक्क दीक्षेने बदलत नाही, पुढे तुमच्या मुलांचाही बदलत नाही. बहिणीच्या हक्काला तर याने धक्काच लागत नाही. (ख्रिस्ती किंवा इस्लाम धर्म स्वीकारलेल्या वाचकांचं गणित वेगळं आहे : स्वतःचा वारसाहक्क जात नाही, पण उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ मुळे धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही. त्यांनी घरी बोलण्याआधी वकिलाला भेटावं.) दीक्षेने तुम्ही अनुसूचित जातीचे होत नाही, तो दर्जा जन्माने ठरतो. तुमच्याकडे ओबीसी दाखला असेल तर कागदोपत्री धर्म बदलण्याआधी जिल्हा जात पडताळणी समितीकडे लेखी विचारणा करा.

कागदांची घाईही करू नका. मनाने बौद्ध असायला राजपत्र लागत नाही. जनगणनेत धर्माच्या प्रश्नाला तुम्ही सांगाल ते उत्तर लिहून घेतात, पुरावा मागत नाहीत. राजपत्रात नोंद हवीच असेल तर शासकीय मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज होतो, पण राजपत्र छापलं जाऊन सगळ्यांना वाचायला खुलं होतं, म्हणून ते घरी सांगून झाल्यावर. धर्मांतराविषयीचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत आणि बदलतही आहेत. गुजरातमध्ये तर बौद्ध धम्म स्वीकारण्यासाठीही पूर्वपरवानगी लागते असं तिथल्या सरकारने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून अर्ज करण्याआधी स्थानिक वकिलाकडून त्या दिवशीची स्थिती विचारून घ्या.

बहिणीच्या स्थळांचं काय? व्याह्यांना कधी आणि किती सांगायचं हे आई-बाबा आणि बहिणीने ठरवावं, तुम्ही नव्हे. तुमचा निर्णय तुमचा, पण तिच्या लग्नाच्या बोलण्यातला प्रत्येक शब्द तिचा. एवढं मात्र आधीच सांगा की कुणी तोंडावर विचारलं तर तुम्ही खोटं बोलणार नाही. तोवर १४ ऑक्टोबरला किंवा ६ डिसेंबरला पांढऱ्या कपड्यातला फोटो स्टेटसला ठेवण्याचा मोह आवरा. दीक्षा लपवायला आम्ही सांगत नाही. आई-बाबांना भावकीसमोर उभं राहायला तयारीची मुदत द्या म्हणतो. ही मुदत उघड ठरवा, ‘ताईच्या लग्नापर्यंत मी जाहीर काही करणार नाही, त्यानंतर लपवणार नाही’. स्वतःचं लग्न ठरवताना मात्र मुलीला पहिल्याच भेटीत सांगा, मध्यस्थाकरवी नव्हे, स्वतः.

आजीला सांगायचं की नाही यावर बाबांचं ऐका. पण तिने समोर बसवून विचारलं तर एका वाक्यात सांगा आणि तिच्याजवळ बसून राहा. ८४ वर्षांच्या माणसाने तुमच्यापेक्षा जास्त बदल पाहिले आहेत.

पहिले काही महिने अबोला, टोमणे, देवऋषाकडे नेण्याची भाषा हे सगळं होऊ शकतं. दर आठवड्याचा फोन चुकवू नका, पैसे पाठवत असाल तर तारीख चुकवू नका. धर्म बदलल्याबरोबर पैसे थांबले, असा अर्थ लागता कामा नये. पण मारहाण, कोंडून ठेवणं, धमकी इथपर्यंत गेलं तर ते सोसू नका, ११२ ला फोन करा. आणि भावकीने किंवा जातपंचायतीने घराला वाळीत टाकायची भाषा केली, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे बाबांना माहीत असणं त्यांच्या उपयोगाचं आहे, कारण वाळीत पडण्याची भीती सगळ्यात जास्त त्यांनाच असते.

शेवटी तो टाक. कपड्यांखाली आहे म्हणता, तर आजच बाहेर काढा. तो नदीत सोडू नका, देवळात ठेवून येऊ नका, कुणाला देऊन टाकू नका. तुमच्यासाठी तो देव नसेल, पण आईने तो सासूकडून आलेल्या देव्हाऱ्यातून काढून दिलेला असू शकतो, आणि नसला तरी तिने तो तुमच्या काळजीपोटी दिला आहे. मऊ फडक्याने पुसून, स्वच्छ खणात गुंडाळून बरोबर न्या. पहिल्या दिवशी पिशवीतून काढू नका, ते घरचं नातं परत केल्यासारखं दिसेल. दुसऱ्या दिवशी आई आपण होऊन विचारेल, ‘मग आपल्या टाकाचं काय केलंस?’ तेव्हा आणून तिच्या हातात द्या.